बार्ज जागच्या जागी होता

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकत आलं होतं. शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी खंभातच्या आखातातल्या एका चॅनेलचा, म्हणजे जहाजांच्या वाटेचा, मल्टीबीम डेटा (बोटीवरून ध्वनिलहरींनी मोजलेली तळाची खोली) साफ करत होतो. सर्व्हे मे महिन्यात उरकलेला. बोट तिकडे फिरते, हार्ड डिस्क कुरियरने इकडे येते आणि नकाशा कोल्हापुरात तयार होतो.

पाण्याच्या नव्या मोजलेल्या खोलीतून गेल्या वर्षीची वजा केली आणि स्क्रीनवर लाल-निळे पट्टे उमटले. चॅनेलला आडवे, एकाआड एक. इथे जवळजवळ मीटरभर भर, शेजारीच तेवढीच धूप. पोटात गोळाच आला. जीपीएसच्या अँटेनाचं अंतर चुकीचं भरलं, तरी असेच पट्टे येतात. अख्खी फाईल १४ मीटर मागे सरकवून बघितली, तर पट्टे गायब! रिपोर्ट सकाळी द्यायचा होता. दुरुस्ती तशीच ठेवली आणि सरांना फोन लावला.

सर रत्नागिरीकडचे, आयुष्य सर्व्हेच्या बोटींवर गेलेलं. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कडेला तो बुडालेला बार्ज आहे ना, तो आता कुठे दिसतोय?" बार्ज म्हणजे मालवाहू सपाट बोट, इथे तळाशी पडलेली.

बघितलं. माझ्या दुरुस्तीने बार्ज १४ मीटर सरकला होता. दुरुस्ती काढली, तर बरोबर जुन्या जागी.

"लोखंड जाग्यावर आहे ना? मग जीपीएस ठीक आहे. वाळू चाललीय बाबा."

मग चॅनेलच्या लांबीत तळाचा छेद काढला. माथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण १५० मीटर, उंची ३ मीटर. पाण्याखाली वाळूच्या टेकड्यांची रांगच. नदीतले वाळूचे उंचवटे मला माहीत होते: पाणी एकाच दिशेने जातं, म्हणून वरच्या अंगाला मंद चढ, खालच्या अंगाला तीव्र उतार. पण इथे पाणी सहा तास आत येतं, सहा तास बाहेर जातं. मग तळ सपाट का होत नाही?

त्याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. तळावर जरासा उंचवटा असला की येणारा आणि जाणारा, दोन्ही प्रवाह त्याच्यामुळे बदलतात. भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र धरून सरासरी काढली, तर तळालगत एक मंद अभिसरण उरतं, दोन्ही बाजूंनी माथ्याकडे जाणारं. ते वाळू वर ढकलतं, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. ढकलणं जिंकलं की उंचवटा वाढतो. नेदरलँड्सच्या सुझान हुल्शर यांनी १९९६ मध्ये हे गणिताने मांडलं. आणि सरकणं? भरती-ओहोटीचे प्रवाह तंतोतंत सारखे नसतात. ज्याचा जोर जास्त, त्याच्या बाजूला रांग हळूहळू चालते.

जहाजाला खोलग्यातल्या जादा पाण्याचा काहीच उपयोग नाही. सगळ्यात उंच माथ्यावर किती पाणी आहे, त्यावरच त्याचा डुबाव, म्हणजे ते पाण्यात किती खोल बसू शकतं, ते ठरतं. माझी दुरुस्ती राहिली असती, तर ड्रेजर (तळ उपसणारं जहाज) गेल्या वर्षीच्या माथ्यांवर जाऊन उभं राहिलं असतं. हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

दुरुस्ती काढून टाकली. अकरा माथ्यांच्या नव्या जागा एकेक करून टिपल्या, प्रत्येकापुढे सरकल्याचं अंतर लिहिलं आणि बार्जचे दोन्ही वर्षांचे अक्षांश-रेखांश पहिल्याच पानावर टाकले. रिपोर्ट पाठवला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.