पुस्तकातले हाड आणि हातातले हाड

एमबीबीएसनंतर शरीररचनाशास्त्रात एम.डी. करायचे ठरवले, तेव्हा डिचोलीच्या घरी पहिला प्रश्न आला तो "म्हणजे तू पेशंट तपासणारच नाहीस?" असा. नाही तपासत. पणजीत १८४२ साली पोर्तुगीजांनी काढलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे आमचे महाविद्यालय आता बांबोळीला आहे, आणि तिथे माझा दिवस विच्छेदनकक्ष, हाडांचे कपाट आणि पहिल्या वर्षाची मुले यांच्यातच संपतो. या शिकवण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: हाड पुस्तकातून शिकता येते ते परीक्षेपुरते, आणि खरे शिकणे सुरू होते ते हातातले हाड पुस्तकाशी जुळेनासे होते तेव्हा.

मुले तयारीने येतात. प्रौढ माणसाची हाडे २०६, एका हातात २७, एका पावलात २६, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. मग हातात फीमर, म्हणजे मांडीचे हाड, दिले आणि "उजवे की डावे?" असे विचारले, की वर्ग एकदम शांत होतो. खुणा तशा सोप्या आहेत: गोल डोके वर आणि आतल्या बाजूला, दांड्याचा बाक पुढे, आणि मागच्या बाजूने उभी गेलेली खरबरीत कड, म्हणजे लिनिया अस्पेरा. मी मुलांना त्या कडेवर अंगठा ठेवून हाड स्वतःच्या मांडीलगत धरायला लावते. मग उत्तर बहुधा न सांगता येते. त्यानंतर दांड्यावरचे बारीक छिद्र शोधायचे, ज्यातून हाडाला रक्त पुरवणारी धमनी आत शिरते. त्यात माडाच्या खराट्याची हीर हलकेच सरकवली की छिद्राची दिशा कळते. हाताच्या लांब हाडांत ती कोपराकडे जाते आणि पायाच्या हाडांत गुडघ्यापासून दूर, कारण हाडाचे जे टोक अधिक वाढते त्याच्या विरुद्ध दिशेला हे छिद्र कलते.

इथपर्यंत पुस्तक साथ देते. पण एखाद्या ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, खालच्या टोकाला, कोपराच्या पुढच्या आणि मागच्या खळग्यांमधला पातळ पडदा नसतोच. तिथे आरपार भोक असते आणि खिडकीसमोर धरले की त्यातून उजेड दिसतो. "मॅडम, हें मोडलां," असे कोणीतरी कोकणीत म्हणतेच. मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवायला सांगते. कड गुळगुळीत आणि गोलसर लागते. नंतर तुटलेल्या हाडाची कड अशी लागत नाही. पुष्कळ निरोगी माणसांत असे भोक असते, आणि एक्स-रेवर ते हाड पोखरणाऱ्या आजारासारखे दिसू शकते, म्हणून पुढे रुग्ण तपासणाऱ्या मुलांना ते आत्ताच बोटांनी कळलेले बरे.

माझा स्वतःचा जीव मात्र टिबियात, म्हणजे नडगीच्या हाडात, अडकला आहे, आणि प्रबंधही त्यावरच चालू आहे. या हाडाच्या खालच्या टोकाच्या पुढच्या कडेवर कधीकधी एक छोटा, सपाट, झिलईदार ठसा असतो. उकिडवे बसताना घोटा पुरता दुमडतो आणि टिबियाची कड खालच्या टॅलस या घोट्यातल्या हाडाच्या मानेला टेकते. अशा बसण्याशी या ठशाचा संबंध फार पूर्वीपासून जोडला जातो. भातलावणी करणारी, चुलीपुढे बसणारी, विळीवर चिरणारी माणसे डोळ्यांपुढे येतात आणि मोह होतो की ठसा दिसताच त्या माणसाचे आयुष्य वाचून टाकावे. तो मोह आवरावा लागतो, कारण कधी बसलेच नसलेल्या गर्भांतही असे ठसे आढळल्याच्या नोंदी आहेत. (माझे आकडे इथे देत नाही, व्हर्नियर कॅलिपरने मोजणी अजून चालू आहे.)

"हें कोणाचें?" हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो आणि तो यायलाच हवा. वाढीची टोके जुळलेली असतील तर माणूस प्रौढ होता एवढे सांगता येते. बाई की पुरुष, हे कटीच्या हाडावरून बऱ्यापैकी सांगता येते, एकट्या फीमरवरून जपूनच. नाव मात्र कुठेच लिहिलेले नसते. १९८५ साली बंदी येईपर्यंत भारतातून मानवी सांगाडे परदेशी विकले जात, आणि त्या धंद्यात ज्यांची हाडे गेली त्यांना कोणी विचारले नव्हते. आता देहदान हा सन्मानाचा मार्ग आहे आणि विच्छेदनाआधी मुले मृतदेहासमोर शपथ घेतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्लॅस्टिकचे संचही आहेत. खुणा पाठ करायला ते उत्तम. पण एका साच्यातली सगळी हाडे सारखीच असल्यामुळे त्यांतून भोक किंवा ठसा अचानक सामोरा येत नाही.

हाड किती बोलते आणि कुठे गप्प होते, हे सांगायला मी जुन्या गोव्याचे उदाहरण देते. जॉर्जियाची राणी केतेवन १६२४ साली इराणात मारली गेली आणि तिच्या अवशेषांचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणला. सेंट ऑगस्टिन संकुलाच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला २००५ साली जे हाड मिळाले, ते कोणाचे हे त्याच्या आकारावरून कोणीच सांगू शकले नसते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मिळणारा डीएनए, तपासला. त्याचा प्रकार भारतीय नमुन्यांत सापडला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत सापडला. २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला सुपूर्द झाले. ओळख पटली ती जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांमुळे आणि डीएनएमुळे, आमच्या विद्येचा वाटा त्यात थोडा. हे ऐकून मुले जरा हिरमुसतात.

तोंडी परीक्षेच्या सरावाला मी अलीकडे मुद्दाम एक भोक असलेले ह्युमरस इतर हाडांत मिसळून ठेवते. "हे सिलॅबसमध्ये नाही" अशी तक्रार होते. मी ते हाड तक्रार करणाऱ्याच्याच हातात देते आणि उजवे की डावे ते विचारते.