आईला घरी आणलं तेव्हा: ॲपवरची नर्स आणि वॉर्डातल्या सिस्टर

पक्षाघातानंतर आईला डिस्चार्ज मिळाला तो नाकात राइल्स ट्यूब (पोटात पातळ अन्न, म्हणजे फीड, देण्याची नळी), लघवीला कॅथेटर (नळी) आणि कमरेखाली बेडसोअर (पडून राहिल्याने झालेली जखम) घेऊनच. घरी येणारी नर्स ॲपवरून बुक करता येते, एवढं मला माहीत होतं. पण तिथे ‘अटेंडंट’ आणि ‘नर्स’ असे दोन पर्याय होते आणि दरात बराच फरक. तो वॉर्डातल्या सिस्टरांनी उलगडून सांगितला. अंग पुसणं, कपडे बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं अटेंडंटला जमतं. कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या नर्सचंच काम. “जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली मागा, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा,” असं त्यांनी बजावलं. आधी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोला तो विचारला, तर फोनच ठेवला गेला. ॲपवर मिळाला.

सिस्टरांनी एक कागदही लिहून दिला: कॅथेटरचा नंबर (साइझ), तो घातल्याची तारीख, दर फीडला किती मिली, ड्रेसिंगला काय वापरायचं. बुकिंगच्या फॉर्ममध्ये यातलं काहीच भरता येत नव्हतं. या माहितीचा रकाना तिथे असायलाच हवा, कारण कॅथेटरचा नंबर आधी कळला नाही तर नर्स येते आणि सामानाअभावी खोळंबून बसते.

फीड देताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर हवं, नंतरही निदान अर्धा तास तसंच. नाहीतर फीड उलटून फुप्फुसात जाण्याची भीती. उशा रचून ते साधेना. आशाताईंनी (आमच्या भागातल्या आशा आरोग्यसेविकेने) गल्लीतल्या मंडळाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र दाखवलं. अनामत भरून फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा पलंग) मिळाला, सोबत हवेची गादीही.

एका भेटीत घरी आलेल्या नर्सला जखमेची कड काळपट दिसली. तिने तिथूनच वॉर्डातल्या सिस्टरांना फोन लावला, फोटो पाठवला. सर्जननी तो पाहून ड्रेसिंग बदलायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो मागवला. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून आईला स्ट्रेचरवर खाली उतरवणं वाचलं. ही नर्स आणि वॉर्डातल्या सिस्टर एकमेकींशी बोलल्या नसत्या, तर मी घाबरून अॅम्ब्युलन्सच बोलावली असती.

जखम आता भरत आली आहे. गिळण्याची तपासणी बाकी आहे. ती झाली की राइल्स ट्यूब काढायची का ते डॉक्टर ठरवतील.