महालातल्या साडेतीनशे रुपयांच्या खोल्या

"महालात जुन्या किरायाच्या खोल्या अजून भेटतात, महिना साडेतीनशे," असं मावसभावानं जेवता जेवता सांगितलं आणि मी यवतमाळहून नागपूर गाठलं. महाल म्हणजे नागपुरातली जुनी वस्ती. तेही मे महिन्यात. अकरा दिवस, एकोणीस घरं, आणि उन्हानं सोललेलं नाक.

गाडी, दुपट्टा आणि पाण्याची बाटली तुमच्याकडे असेलच, म्हणून थेट महालावर येतो. माझे चार दिवस तिथंच गेले.

बडकस चौकातून आत एका गल्लीत वाडा. जिना इतका उभा की वरून सोडलेला दोर धरूनच चढावं लागतं. पण खोल्या, खरं सांगतो, सुरेख होत्या. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत पंख्यावर भागत होतं. त्या गारव्यानंच माझी अक्कल गहाण पडली. तिथले जुने किरायेदार काकाजी, त्यांनी पावतीपुस्तक समोर ठेवलं. किराया खरंच 350. मग चहा आला आणि चहासोबत आकडा: "पगडी साडेचार लाख. कमीजास्त बोलू."

पगडी म्हणजे जुनी किरायेदारी आपल्या नावे करून घ्यायला द्यायची एकरकमी रक्कम. पगडी म्हटलं की लोक लगेच बेकायदा म्हणतात. तसं सरसकट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याच्या कलम 56 नं किरायेदारी सोडताना किंवा दुसऱ्याच्या नावे करताना पैसे घ्यायला मुभा दिली, तशी मालकाला संमतीसाठी पैसे घ्यायलाही. मेख या संमतीत आहे. मालकाच्या लेखी होकाराशिवाय खोली दुसऱ्याला दिली, तर मालकाला तेवढ्यावरच ताबा मागता येतो.

मी पावत्या उलटून पाहिल्या. जांभळा शिक्का, कार्बनची निळी अक्षरं, आणि प्रत्येक पावतीवर काकाजींच्या वडिलांचं नाव. वडील 1996 मध्ये वारलेले. फोटो समोरच्याच भिंतीवर, हार घातलेला. मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे किरायेदारी येते, तेव्हा काकाजींचा हक्क कदाचित धरला जाईल. माझा कुठून धरणार? मी त्या घरचा कोणीच नव्हतो. म्हटलं, मालकांना एक फोन लावू.

"मालकाले काऊन मधात आणता? तो पुण्याले राहते."

इथं उठायचं होतं. मी तरी आणखी तीन चकरा मारल्या, कारण बाहेर 45 अंश आणि आत तो गारवा. तुम्ही मारू नका. पावतीवर जिवंत माणसाचं नाव नाही आणि मालक बोलायला तयार नाही, तर चहा पिऊन उतरा. महालातल्या जुन्या मंडळींकडून अजून 'कंट्रोलरची परमिशन', म्हणजे भाडे नियंत्रकाची परवानगी, हे शब्द ऐकू येतील. ते 1949 च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या भाडे नियंत्रण आदेशातले. तो 1999 च्या कायद्यानं गेला. त्या भरवशावर पैसे देऊ नका.

बजाजनगर, लक्ष्मीनगर, प्रतापनगर: तीन दिवस, झाडं, सावली, सभ्य माणसं, परवडणारं काही नाही. पुढे.

आता दलाल. घर दाखवायचे पाचशे आधी, आणि घर म्हणजे वरचा माळा, स्लॅबखाली. नागपुरात घर सकाळी पाहायचंच नाही. दुपारी तीनला जा, छताला हात लावा, आणि कूलर कुठल्या खिडकीत बसेल, त्यात पाणी कुठून भराल ते बघा.

याच गृहस्थानं करारासाठी 4,500 मागितले आणि हातात ठेवला पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरीचा कागद. "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्ट्री लागत नाही." साफ खोटं. त्याच 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अकरा महिन्यांचा असो की साठचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का (डिपॉझिटवरचं व्याज धरतात, पण किरकोळ), शहरात नोंदणी फी हजार रुपये. माझ्या 8,500 च्या किरायाला शुल्क अडीचशेच्या आतबाहेर. ऑनलाइन होतं, अंगठे द्यावे लागतात. 4,500 कशाचे, हे त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं घाम पुसला.

आणि वर्षाला चार टक्के वाढीची ती प्रसिद्ध मर्यादा? ती भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, राहणाऱ्याला लागू नाही. नवीन माणसाला हल्ली दुसरं काही मिळतही नाही. वाढ किती ते करारातच लिहून घ्या. मुदत संपल्यावर मुक्काम लांबवू नका, दुप्पट भरावं लागतं.

शेवटी सुभाषनगर मेट्रो स्टेशनजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मालकीणबाईंनी करार आपणहून नोंदवला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

काल महालातून फोन आला होता. "भाऊ, साडेतीन लाखात करून टाकू." मी मालकांचा नंबर मागितला. फोन कटला.