आमची वाटचाल : पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडरला एसी, उलट्या क्रमाने

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो. तेव्हा जुन्या पद्मिनीचे मालक दोनच प्रश्न विचारतात: एसी बसेल का, आणि इंजिन ओढेल का? बसतो सगळ्यांतच. ओढायचं म्हटलं, तर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम ४० हॉर्सपॉवरचं, आणि भर उन्हात लहान कॉम्प्रेसरही त्यातले तीन-चार खातो. चढाला फरक जाणवणारच, हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो.

आमच्या वर्कशॉपची वाटचाल म्हणजे खरं तर कामाचा क्रम उलटा होत जाण्याची गोष्ट आहे. सुरुवातीला सगळेच करतात तसं करायचो: आधी कॉम्प्रेसर लटकवायचा, मग पाइप, मग गॅस, आणि गाडी तापायला लागली की रेडिएटरकडे बघायचं. आता पहिले दोन दिवस एसीचा एकही भाग खोक्यातून बाहेर काढत नाही.

पहिला दिवस करंटचा. जुन्या गाडीत वीज तयार करायला डायनॅमो असतो. चांगल्या अवस्थेतला ल्यूकासचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, जवळजवळ काहीच नाही. आता हिशोब करा: ब्लोअर १२, कंडेन्सरचा (रेडिएटरपुढे बसून गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) पंखा १०, मॅग्नेट क्लच (कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा) ४. रात्री हेडलाइट लावले की आणखी १०, वर वायपर. चाळिशी गाठली. म्हणून किमान ५५, शक्यतो ६५ अँपिअरचा अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी बसणारं नवं जनित्र), कारण आयडलिंगला त्याचाही निम्माच हाती लागतो. त्याची मुख्य वायर जुन्या अ‍ॅमीटरमधून न्यायची नाही; ३० चा काटा असलेल्या मीटरमधून ५५ अँपिअर गेले तर डॅशबोर्डमागे धूर निघतो. १० चौरस मिमीची स्वतंत्र वायर थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज. ब्लोअर, पंखा आणि क्लच यांना वेगवेगळे रिले. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. ते न बघता अल्टरनेटर जोडला की त्याचे डायोड क्षणात जातात.

दुसरा दिवस रेडिएटरचा. एसी लागला की रेडिएटरला बाहेरची हवा मिळत नाही, कंडेन्सरने तापवलेली मिळते. जुन्या रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या असतात. टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) केल्याशिवाय पुढे जात नाही, आणि नंतर कूलंट, नळाचं पाणी नव्हे. इंजिनच्या पंख्याभोवती पत्र्याचा गोल घेर, म्हणजे श्राउड, बऱ्याच जुन्या गाड्यांत नसतोच. आमच्या मते तो घेर जादा विजेच्या पंख्यापेक्षा जास्त काम करतो, आणि खर्च त्याच्या पावपटही नाही.

कंडेन्सर पॅरलल-फ्लोचाच, म्हणजे अनेक समांतर नळ्यांचा. मोडीतून आणलेला, आर-१२ या जुन्या गॅसच्या काळातला नागमोडी नळीचा कंडेन्सर आर-१३४ए या नंतरच्या गॅसला पुरत नाही. रेडिएटरपासून १५-२० मिमी पुढे, आणि कडेच्या फटी फोमपट्टीने बंद. नाहीतर गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. पंखा पुढून बसवला असेल तर हवा आत ढकलतोय ना, हे जाळीला कागद लावून बघावं. इथला एक खास त्रास म्हणजे चादर-टॉवेलच्या कारखान्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्या. सुताचे बारीक तंतू कंडेन्सरवर साचून त्याची गोधडी होते. हवेच्या दाबाने मागून पुढे साफ करायचं.

कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट १० मिमी जाड पट्टीचं, तीन ठिकाणी बोल्ट, आणि इंजिनलाच. चासीला आधार दिला तर इंजिन माउंटिंगवर हलतं, चासी हलत नाही, आणि पट्टी वेल्डिंगजवळ तडकते. बॉडीला नवं भोक आम्ही पाडत नाही. ज्याला उद्या एसी काढायचा असेल, त्याला गाडी होती तशी मिळाली पाहिजे. क्रँकच्या पुलीला दुसरी खाच लागते. दोन्ही पुल्यांची रेष एक मिमीच्या आत हवी, नाहीतर बेल्ट किंचाळतो आणि कडेने झिजतो.

आतली कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली. स्टीअरिंगवरच्या गिअरमुळे मधली जागा मोकळी असते, पण बाकड्यासारख्या पुढच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याचा गुडघा तिथेच येतो. आधी माणूस बसवून माप घ्यावं. कॉइल पाणी निघायच्या नळीकडे किंचित उतरती हवी. उतार चुकला की पाणी कार्पेटखाली मुरतं आणि दोन पावसाळ्यांत फ्लोअर सडतो. एक्स्पान्शन वॉल्वचा (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेचा) तापमान ओळखणारा फुगा कॉइलच्या बाहेर जाणाऱ्या नळीला घट्ट बांधून त्यावर इन्शुलेशन गुंडाळायचं. उघडा राहिला तर तो भोवतालची उष्णता मोजतो.

पाइप बॅरिअर होजचेच (आत गॅस अडवणारा थर असलेले), कारण आर-१३४ए साध्या जुन्या रबरातून झिरपतो. गरम डिस्चार्ज पाइप पेट्रोलच्या नळीला चिकटून गेला तर दुपारी गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, आणि सगळे इग्निशनच्या बिचाऱ्या कॉइल-पॉइंटला दोष देतात. असतं ते व्हेपर लॉक, म्हणजे नळीतल्या पेट्रोलची झालेली वाफ. किमान चार बोटांचं अंतर ठेवायचं आणि नळीला उष्णतारोधक बाही घालायची.

आर-१२ चं उत्पादन माँट्रियल करारानुसार २०१० पर्यंत थांबलं. त्याऐवजी ‘थेट भरा’ म्हणून मिळणाऱ्या काही स्वस्त डब्यांत एलपीजीसारखा पेटणारा वायू असतो. तो आम्ही भरत नाही. कॉइल माणसांच्या पायाशी असते. जुनी सिस्टिम आर-१३४ए वर आणताना खनिज तेल धुऊन काढायचं, ओ-रिंग आणि ड्रायर (सिस्टिममधली ओल शोषणारा डबा) बदलायचा. ड्रायरची टोपणं सगळ्यात शेवटी काढायची. टोपण उघडून जेवायला गेलात की त्याने हवेतली ओल प्यायली.

मग कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआयला गळती तपासायची, साबणाचा फेस लावून. त्यानंतर ४५ मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे गेजचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो. पुस्तकातले २९ इंच इथे दिसणार नाहीत. त्यासाठी पंप बदलू नका. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का, ते बघा.

गॅस वजनकाट्यावरच. गाडी बंद असताना ४० अंशांना दोन्ही गेज (खालच्या आणि वरच्या दाबाचे) १३० पीएसआयच्या आसपास दाखवतात, मग आत २०० ग्रॅम असो की ६००. जुन्या सिस्टिमचं रूपांतर असेल तर आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के. चालू गाडीत भर उन्हात खालचा दाब ३० ते ४५ आणि वरचा २५० ते २८० ठीक. वरचा ३०० पार गेला तर गॅस काढायच्या आधी कंडेन्सरवर मगभर पाणी मारा. दाब झटकन उतरला आणि हवा गार झाली, तर दोष बहुतेक वेळा हवेच्या प्रवाहात असतो. या एका मगाने कित्येकांचा गॅस वाचला आहे.

कॉम्प्रेसरचा क्लच लागताच इंजिन बसतं, म्हणून व्हॅक्यूम सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) लावून आयडलिंग मिनिटाला ९०० ते ९५० फेऱ्यांवर उचलायचं.

एवढं करून ४२ अंशांत चालत्या गाडीत डॅशबोर्डखालच्या एसीच्या जाळीतून १२-१४ अंशांची हवा येते, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की १७-१८. नव्या गाडीसारखी थंडी मागणाऱ्यांना आम्ही आधी दारांची रबरं आणि छताखालचं इन्शुलेशन करायला लावतो. बेल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणावा लागतो. बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते: गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं, किती मिली, बेल्टचा नंबर.