पांगबोचेपर्यंत विमा, पुढे रामभरोसे

एव्हरेस्ट बेस कॅम्प करून मागच्या आठवड्यात परतलो. वाटेचे फोटो सगळेच टाकतात. मी विम्याबद्दल लिहितोय, कारण विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असा विमा शोधताना चालण्यापेक्षा जास्त दमलो.

कॉलेजचा विमा होता, त्यामुळे सहा महिने निर्धास्त होतो. कागद उघडल्यावर कळलं की तो दवाखान्यात दाखल झाल्यावर सुरू होतो. डोंगरावरून दवाखान्यापर्यंत आणायचा खर्च त्यात नाही, आणि या वाटेवर खरा खर्च तोच. विमान जिथे उतरतं आणि चालणं सुरू होतं, त्या लुक्लाच्या पुढे गाडीरस्ता नाही. आजारी माणूस चालत उतरतो, घोड्यावर उतरतो, नाहीतर हेलिकॉप्टरने.

मग ऑनलाइन मिळाला तो सगळ्यात स्वस्त प्रवास विमा घेतला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘ट्रेकिंग समाविष्ट’. बऱ्याच पानांनंतर बारीक टायपात ‘४,००० मीटरपर्यंत’. नकाशा शेजारी ठेवला. नामचे ३,४४०, तेंगबोचेचा मठ ३,८६७, पांगबोचे कसंबसं आत. त्यापुढे दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरकशेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४. म्हणजे जिथून डोकं ठणकायला लागतं, तिथेच विमा हात वर करणार! पॉलिसी परत करायची मुदत शिल्लक होती म्हणून वाचलो.

दुसऱ्या वेळी पॉलिसी मागून पुढे वाचली. आधी काय मिळणार नाही ते, हप्ता सगळ्यात शेवटी. उंचीची मर्यादा ६,००० मीटर आणि हेलिकॉप्टरने सुटका, या दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या हव्यात. ‘आपत्कालीन मदत’ असं मोघम लिहिलं असेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी कामाचं नाही. माझ्याबरोबरचा एक जण पुढे आयलंड पीकला जाणार होता. तिथे दोर, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे खिळे) लागतात, त्यामुळे ते ट्रेकिंगमध्ये नाही, गिर्यारोहणात मोडतं आणि उंचीही ६,००० च्या वर जाते. त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागलं. परतताना पोखऱ्याला पॅराग्लायडिंग करणार असाल तर तेही नावानिशी तपासा. पायलटबरोबर टँडम चालतं, पण एकट्याने उडणं चालत नाही, असंही काही पॉलिसींत असतं.

पैसे मी दुसरीकडे वाचवले. सामान हरवण्याचं कव्हर काढलं (हरवण्यासारखं होतं काय, दोन थर्मल आणि एक कळकट जॅकेट). डिडक्टिबल वाढवून घेतलं, म्हणजे किरकोळ बिल आपण भरायचं आणि मोठं त्यांनी. वर्षाचा विमा न घेता फक्त ट्रेकच्या दिवसांचा घेतला. तुम्ही वर्षातून तीन-चार मोहिमा करत असाल तर मात्र वर्षाचाच स्वस्त पडेल. लहानपणीचा दमा लपवला नाही. हप्ता थोडा वाढला, पण लपवलेला दमा दाव्यात सापडला तर सगळंच बुडतं.

आता प्रत्यक्ष प्रसंग. लोबुचेला रात्री दोन वाजता उठलो तो डोकं फुटल्यासारखं, दोनदा उलटी. पाण्याची बाटली उशाशी गोठलेली. सकाळी बूट घालताना नाडीची गाठ जमेना, तेव्हा मात्र घाबरलो. लॉजमधला एक जण लगेच म्हणाला, ‘विमा आहे ना? मग हेलिकॉप्टर बोलावू.’ त्याचा उत्साह बघून २०१८ ची चौकशी आठवली. गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळल्याचे प्रकार तेव्हा नेपाळ सरकारच्या तपासात उघड झाले होते. आमच्या गाइडने मला एकच विचारलं, ‘सरळ रेषेत चालता येतं का?’ येत होतं. मग एक क्षण न घालवता पिशव्या उचलल्या आणि मला मध्ये घेऊन फेरिचेला उतरलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. डॉक्टरांनी तपासलं, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) दिलं, वर जायला बंदी केली. दोन दिवसांनी, त्यांनी हो म्हटल्यावरच, पुन्हा निघालो. चालताना तोल जात असता, म्हणजे उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोचला असता, तर मात्र हेलिकॉप्टरच, तिथे काटकसर करायची नाही.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन केला होता. बऱ्याच पॉलिसींत हेलिकॉप्टरला त्यांची आधी मंजुरी लागते, म्हणून आणीबाणीचा नंबर गाइडच्या फोनमध्येही टाका. तुमची शुद्ध हरपली तर तुमच्या फोनचा पासवर्ड कोण उघडणार? दवाखान्यातून तारीख, निदान, ठिकाण लिहिलेला कागद आणि शिक्क्याची पावती घेतली. लॉजच्या जादा रात्रींच्या पावत्या घ्यायचं सुचलंच नाही, ते पैसे गेले.

शेवटचा घोळ लुक्लाचा. धुक्यामुळे दोन दिवस विमानच नाही आणि माझा विमा दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपणार. मुदत संपायच्या आत वाढवता येते, संपल्यावर नाही. धाब्यासारख्या एका खोलीत, वायफायसाठी पैसे मोजून, रात्री साडेदहाला तीन दिवस वाढवून घेतले. तुम्ही ते घरीच करा, परतीच्या तारखेपुढे चार दिवस धरून.