आमची वाटचाल : नाचणारा काटा आणि हरवलेले किलोमीटर

आमच्याकडे गाडी दुरुस्त होत नाही, गाडीचं वेग आणि किलोमीटर दाखवणारं मीटर दुरुस्त होतं. सुरुवातीला ओळखीचे लोक हसायचे, नुसत्या मीटरवर पोट भरतं का म्हणून. २३ वर्षं भरतंय. मधलं दीड वर्ष तेवढं उपाशी गेलं, आणि आज लिहायला बसलोय ते खरं तर त्याच दीड वर्षासाठी.

पण आधी अण्णा. मी तेव्हा गॅरेजमध्ये हेल्पर होतो आणि अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. क्वार्ट्झ आल्यापासून त्यांच्याकडे काम उरलं नव्हतं. एका गाडीचा काटा ४० आणि ७० च्या मध्ये थरथरत होता. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी, मीटर फिरवणारी केबल बदलून झाली होती, तरी तेच. मी मीटर काढून अण्णांकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर घड्याळच आहे. फक्त चावी गिअरबॉक्सकडून मिळते." आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे दोन वेढे तेलाने एकमेकांना चिकटले होते. पेट्रोलमध्ये बुडवून, चिमट्याने सोडवून त्यांनी ती सरळ केली. काटा शहाण्यासारखा चढायला लागला. त्याच आठवड्यात आम्ही भागीदार झालो. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही.

ज्यांनी केबलचं मीटर उघडलंय त्यांना सांगायला नको. चुंबक फिरतं, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, नुसती ओढ लागते, आणि ती ओढ स्प्रिंग अडवते. १९०२ साली ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने याचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर बरीच दशकं कुणाला यात फार बदल करावासा वाटला नाही. त्यामुळे अण्णांचा पहिला प्रश्न कायम एकच असायचा, "किलोमीटर पळतात का?" काटाही मेला आणि आकडेही थांबले, तर दोष खाली आहे, केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या प्लॅस्टिकच्या पिनियनमध्ये, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात. आकडे व्यवस्थित पळतायत आणि काटाच वेडावाकडा नाचतोय, तर केबलला उगाच छळू नका, मीटर उघडा. आजही नव्या पोराला मी आधी एवढंच शिकवतो.

आमचं पहिलं यंत्र म्हणजे दोन्ही दिशांना फिरणारी एक जुनी ड्रिल मशीन, लाकडी चौकटीत आडवी बसवलेली. तिच्या तोंडात केबलच्या टोकासारखा चौकोनी तुकडा. मैलाला १००० फेरे या हिशोबाचं मीटर असेल तर किलोमीटरला साधारण ६२१ फेरे होतात. म्हणजे ड्रिल मिनिटाला ६२१ फेरे घेत असेल तर काटा ६० वर यायला हवा. आला नाही तर चुंबक तरी थकलंय किंवा स्प्रिंग तरी. काटा उपसायला दोन चहाचे चमचे, पाठीला पाठ लावून. मग अण्णांचे चिमटे, तीन, त्यातल्या एकाला मला हात लावायची परवानगी नव्हती. ती चौकट अजून आहे. ड्रिल चौथी आहे.

आता न विचारता सांगतो. केबलला ग्रीस लावताना वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा. पीळदार केबल फिरताना ग्रीस वर चढवते, ते मीटरमध्ये शिरतं, वाटी चुंबकाला चिकटते आणि गाडी २० ने चालली तरी काटा १२० ला जाऊन आपटतो. गिअरबॉक्सचं तिथलं सील गळत असेल तरी हेच होतं. अशा वेळी मीटर शंभरदा धुतलं तरी महिन्याने परत येणार. आणि डॅशबोर्डमागे केबल काटकोनात कोंबू नका. काटा थरथरायचं निम्मं कारण तिथेच सापडतं.

मास्तरांची गाडी याच दुखण्याने आली होती. निवृत्त शिक्षक, गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. दोन ठिकाणी केबल बदलून वैतागलेले. आम्ही फक्त केबलचा वळसा मोकळा केला, दहा मिनिटांचं काम. त्यांनी पावती वाचली, 'दुरुस्ती'तला दीर्घ रू ऱ्हस्व करायला लावला आणि पैसे दिले. पुढे ते दर महिन्याला यायला लागले, काम असो वा नसो.

मग सात वर्षं गेली. केबल गेली, वेगाचा सिग्नल वायरीतून पाठवणारे सेन्सर आले, मीटरला लोक क्लस्टर म्हणायला लागले. मी सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेतला, अण्णांनी डाख द्यायची नवी बारीक कला शिकून घेतली. चांगली वर्षं होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ठरलेल्या मार्गांवर कामगारांची ने-आण करणाऱ्या एका मालकाच्या नऊ गाड्या आमच्याकडे यायच्या. त्यातल्या एकीचा काटा चालता चालता पडायचा आणि परत उभा राहायचा. आम्ही क्लस्टर उघडला. कनेक्टरच्या दोन पिनांना ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा डाख होता, तो नीट केला. भर दुपारी गाडी फिरवून आणली, काटा हलला नाही. गाडी दिली. भर दुपारी, हे लक्षात ठेवा. चूक तिथे झाली आणि ती माझी होती, अण्णांची नव्हती.

महिन्याने मालकाचा फोन आला. आवाजच वेगळा. गाडीच्या फेऱ्यांची बेरीज साधारण ४२०० किलोमीटर, मीटर दाखवतंय ३६४०. मधले ५६० कुठे गेले? त्याने गाडी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली होती. तिथल्या प्रमुखाने स्कॅनर लावला, पी ०५०० हा कोड आला, म्हणजे वेगाचा सिग्नल मिळत नाही. त्याने सेन्सर बदलला. फरक नाही. मग क्लस्टर बदलायचा म्हणून काढला, मागच्या बाजूला आमचं ताजं सोल्डर दिसलं आणि त्याला उत्तर सापडलं. "यांनी मीटर उघडलंय. आकडा मागे घेतलाय."

आमच्या धंद्यात याच्यापेक्षा घाण आरोप नाही. हे मीटर उघडतात एवढं म्हटलं तरी लोकांच्या डोळ्यांत तोच प्रश्न येतो. वापरलेल्या गाड्या विकणारे कितीजण संध्याकाळी येऊन हळू आवाजात विचारून गेले असतील, आणि अण्णांनी प्रत्येकाला मोठ्या आवाजात हाकललंय. आणि तोच शिक्का आमच्यावर! नऊच्या नऊ गाड्या गेल्या. ज्या गॅरेजवाल्यांची मीटरं आमच्याकडे यायची त्यांनाही त्या प्रमुखाने आवर्जून सांगितलं असावं, कारण दोन महिन्यांत टेबल रिकामं झालं. मी ऑसिलोस्कोप विकायला काढला. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. अण्णा म्हणाले, "तो विकलास तर मी परत घड्याळं घेऊन बसतो." घड्याळं तरी कुठे होती.

त्या दिवसांत मास्तर रोज यायचे. गाडी मुद्दाम आमच्या दारासमोर उभी करायचे, रस्त्यावरून दिसेल अशी, आणि आत बसून पेपर वाचायचे. एकदाही त्या विषयावर बोलले नाहीत.

वर्षभराने एका दुपारी त्याच गाडीचा ड्रायव्हर आला. मालकाला न सांगता. नवा क्लस्टर बसवूनही काटा पडतच होता आणि बोलणी त्यालाच बसत होती. त्याच्याजवळ इंधनाची वही होती. अण्णांनी चष्मा लावून ती तासभर वाचली. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. दिवसपाळीच्या आठवड्यात लिटरला १५ किलोमीटर. रातपाळीला तीच गाडी, तोच रस्ता, लिटरला ११. "रात्री ही गाडी जास्त पिते का रे?" अण्णांनी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, नाही, पण काटा दिवेलागणीलाच पडायला लागतो. आणि हेडलाइट पिवळट दिसतात, ते कुणी मनावर घेत नाही.

मी उठलोच. वेगाचा सेन्सर तीन वायरींचा, त्यातली एक अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी. मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, इंजिन चालू. दिवे बंद: ०.०४ व्होल्ट. दिवे लावले: १.८. दोन्ही दिव्यांचा आणि सेन्सरचा अर्थ बॅटरीच्या ट्रेखाली एकाच बोल्टवर होता आणि तो बोल्ट गंजाने फुगला होता. दोन ५५ वॉटचे दिवे म्हणजे साधारण ९ अँपिअर, ०.२ ओहमचा गंज असला तरी १.८ व्होल्ट तिथेच अडतात. ऑसिलोस्कोप लावला. एरवी सिग्नल वरून थेट शून्यापर्यंत पडायचा, दिवे लावले की खालची रेघ दोन व्होल्टच्या आसपास लोंबकळायची. क्लस्टरला ते 'खाली आलं' असं वाटतच नव्हतं, त्यामुळे फेरे मोजले जात नव्हते. काटा पडायचा, आणि किलोमीटरही त्याच सिग्नलवरून मोजले जातात, म्हणून तेही थांबायचे. कुणी आकडा मागे घेतला नव्हता. पुढेच गेला नव्हता.

वायरमनांनो, वायर जोडलेली आहे असं सांगणारा मल्टिमीटरचा बीप असतो, इथे त्याच्यावर विसंबू नका. ०.२ ओहमला मल्टिमीटर आनंदाने बीप देतो. त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये बीप ऐकूनच अर्थ पास केला असणार. अर्थ तपासायचा तर भार टाकून, व्होल्टमध्ये. आणि काट्याची तक्रार असेल तर गाडी फिरवताना दिवे, पंखा, वायपर, काच तापवणारी जाळी, जे जे आहे ते सगळं लावा. मी हे किंमत मोजून शिकलोय.

बोल्ट घासला, नवा वॉशर टाकला, वर ग्रीसचा हात मारला. पंधरा मिनिटं लागली. पुढचे दोन आठवडे ड्रायव्हरने वही लिहिली: दिवसा १५, रात्री पावणेपंधरा. वही घेऊन मी मालकाकडे गेलो. त्याने ती पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, "बाकीच्या आठ गाड्यांचे बोल्ट पण बघून टाका." चुकलो, हा शब्द त्याने त्या दिवशी काढला नाही, नंतरही नाही. गाड्या आल्या, बाकीचे लोक यायला आणखी सहा महिने गेले. ऑसिलोस्कोप तेवढा वाचला, कारण ते गिऱ्हाईक भावावरून अडलं होतं.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. तिसरा चिमटा आता मी वापरतो. मास्तरांची गाडी त्यांची मुलगी आणते. तिने टायर मोठे घातलेत, १७५ च्या जागी १८५, बाकी मापं तीच, १४ इंची. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ च्या पुढे असेल हे मी तिला दोनदा सांगितलंय. आजोबांसारखी मान हलवते तिची पोरगी मागच्या सीटवरून.

अलीकडे एक मुलगा खोक्यात घालून क्लस्टर आणतो. कुणाकडून विचारलं तर "असंच, एका गॅरेजचं" म्हणतो. खोक्यावरची चिठ्ठी फाडलेली असते, पण निम्मी राहते आणि मला ते अक्षर ओळखू येतं. काम आम्ही नीट करतो. उघडण्याआधी किलोमीटरचा फोटो काढतो, आणि त्याच्या पावतीवर तो आकडा एकदा अंकात, एकदा अक्षरात लिहून मुलाची सही घेतो.