फॉरवर्डला व्हिसा लागत नाही

"तुमच्याकडे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही खरं मानतात ना?" इथे इंग्लंडमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परवा विचारलं. हेतू वाईट नव्हता. कुठलीशी डॉक्युमेंटरी बघून आला होता आणि समोर भारतीय म्हणून मीच सापडले. मी हसून वेळ मारून नेली, मग घरी येऊन भांडी घासताना त्याला मनातल्या मनात उत्तरं देत बसले. हे त्यातलं त्यातल्या त्यात सभ्य उत्तर.

राईनपाडा आपल्याकडेच झालं, ते नाकारून कसं चालेल? 1 जुलै 2018 ला, धुळ्याच्या साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. त्या वर्षी देशभर मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ फिरत होता, तो मुळात कराचीतली बालसुरक्षेची जाहिरात होती. शेवटचा खुलासा कुणीतरी कापला होता. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतापुरती फॉरवर्डवर 5 चॅटची मर्यादा घातली आणि जानेवारी 2019 मध्ये तोच नियम अख्ख्या जगाला लावला. रोग आमचा एकट्याचा असता तर औषध सगळ्यांना कशाला पाजलं असतं?

आता यांच्याकडचं बघा. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या लंडनच्या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फक्त 12 मुलांवरचा निबंध छापून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध असल्याचं सुचवलं. निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, डॉक्टरची नोंदणीही रद्द झाली. पण मधल्या काळात इंग्लंडमधलं एमएमआर लसीकरण 80 टक्क्यांपर्यंत घसरलं होतं, आणि लशीकडे पाठ फिरवण्यात चांगले शिकलेले पालक पुढे होते. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तर 5जीमुळे करोना होतो म्हणून इथे मोबाइलचे टॉवर जाळले गेले. हे माझ्या सहकाऱ्याच्या डॉक्युमेंटरीत नसावं.

पण हे सगळं वाचलेलं. लिव्हरपूलजवळचं साउथपोर्ट मात्र आमच्या घरापासून फार लांब नाही.

29 जुलै 2024 ला तिथे लहान मुलींच्या डान्स क्लासमध्ये एका 17 वर्षांच्या मुलाने चाकू चालवला. 3 मुली गेल्या. इथे आरोप ठेवण्याआधी पोलिस संशयिताचं नाव सांगत नाहीत, त्यात हा अल्पवयीन. मग लोकांनीच त्याला नाव दिलं, 'अली अल-शकाती'. बोटीतून आलेला निर्वासित, असं वर जोडलं. असा माणूसच नव्हता. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला आहे हे पोलिसांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या संध्याकाळी जमावाने तिथल्या मशिदीवर विटा फेकल्या. 50 हून अधिक पोलिस जखमी झाले. 1 ऑगस्टला न्यायाधीशांनी खरं नाव छापायची परवानगी दिली, ते छापूनही आलं, आणि दंगली थांबण्याऐवजी गावोगाव पसरल्या. ज्यांना दगड मारायचेच होते त्यांना नावाशी काय देणंघेणं?

दंगलखोरांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. मला सारखे आठवतात ते आमच्यासारखे घाबरलेले लोक.

7 ऑगस्टला एक यादी फिरली. आज संध्याकाळी इमिग्रेशन वकिलांच्या या या ऑफिसांवर हल्ले होणार म्हणून. आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर येईपर्यंत तिच्यात एक देऊळ आणि भारतीय किराणा दुकान येऊन बसलं होतं. ते कुणी घातलं, कोणास ठाऊक. ज्या ताईंनी ती यादी टाकली त्यांच्याइतकी विचारी बाई आमच्यात दुसरी नाही. एकीने विचारलं, हे पक्कं आहे का? ताईंचं उत्तर होतं, "पक्कं नाही गं, पण नाही पाठवलं आणि खरं निघालं तर?"

मला वाटतं सगळं इथेच आहे. खरं-खोटं तपासायला अर्धा तास जातो, पाठवायला अंगठा पुरतो. खोटं निघालं तर कुणी जाब विचारत नाही, "चला, बरं झालं" म्हणून विषय संपतो. पण खरं निघालं आणि आपण गप्प बसलो होतो, तर ते जन्मभर खातं. म्हणून काळजी करणारा माणूसच जास्त फॉरवर्ड करतो. बातमी कुणाकडून आली हे आपण बघतो, पाठवणाऱ्याला ती कुठून मिळाली हे नाही. तिसऱ्या ग्रुपवर तीच यादी दिसली की वाटतं, एवढे जण म्हणताहेत म्हणजे असेलच काहीतरी, आणि ते एवढे जण एकाच ठिकाणाहून उचलून पाठवत असतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये ट्विटरवरच्या बातम्या तपासल्या, तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली. दोष यंत्रांचा नव्हता, माणसांचाच होता. खोट्यात नवलाई जास्त असते. आमच्या यादीतलं किराणा दुकान ही अशीच नवलाई.

मोबाइलला तरी किती नावं ठेवायची? 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीहून लंडनमधल्या साउथॉलच्या देवळापर्यंत एका दिवसात पोचली होती, साध्या लँडलाइनवरून. (या वेगाचा मला थोडा अभिमानच आहे.)

त्या 7 तारखेला दुपारीच आम्हाला घरी सोडलं. दुकानदार काचांवर फळ्या ठोकत होते. शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू बाहेर पडू नकोस, दूध-ब्रेड मी आणते." आणि आणलंही. संध्याकाळी रस्त्यावर उतरले ते वंशद्वेषाविरुद्ध उभे राहिलेले हजारो लोक. एकट्या लंडनच्या वॉल्थमस्टोमध्येच काही हजार. यादीतले हल्ले झालेच नाहीत. आमच्या ग्रुपवर यादी मागे घ्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पोलिस यातून शिकले म्हणायचे. 26 मे 2025 ला लिव्हरपूलमध्ये फुटबॉलच्या विजयी मिरवणुकीत गाडी घुसली, तेव्हा त्यांनी काही तासांतच जाहीर केलं की पकडलेला माणूस 53 वर्षांचा, गोरा, ब्रिटिश, लिव्हरपूल परिसरातला आहे. ग्रुपवर सगळ्यांनी हुश्श केलं. जखमींचा विचार नंतर आला. मला त्याची लाज वाटत नाही. ज्याला हुश्श करावं लागत नाही त्याने लाज वाटून घ्यावी. ऑगस्ट 2025 पासून तर मोठ्या गुन्ह्यात आरोप ठेवल्यावर संशयिताचं राष्ट्रीयत्व आणि वंश सांगायचा विचार करावा, असं पोलिसांना कळवलंय. मग ज्या दिवशी ते सांगणार नाहीत त्या दिवशी लोक काय समजतील, हे मी आजींना कुंपणावरून विचारलं.

"अगं, ते लपवतातच," आजी म्हणाल्या. "फेसबुकवर आलंय. थांब, तुला पाठवते."